केवल

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी त्या मुलानं तीही बांधली. आधी माझ्या खांद्यांवरचा जाड दांडा खाली ओढला, खटका बसल्याचं ऐकलं, मग बाजूच्या मोकळ्या जागेवरचा दांडाही तसाच खाली आणून दोनदा हलवून पाहिला. मी त्याला कन्नडमध्ये म्हटलं, तिथं तर कुणी नाही. 'असो नसो, बांधायलाच लागतं अम्मा,' असं म्हणून तो पुढच्या रांगेकडे गेला. बिडदीजवळच्या वंडरला या करमणुकीच्या बागेतली ती रिकॉइल नावाची गाडी. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी तिच्यात पहिल्यांदा बसले होते आणि माझ्याबरोबर कुणीही नव्हतं.

मी मूळची बेळगावची. 1993 साली लग्न होऊन बंगळूरच्या मल्लेश्वरमला आले, तेव्हापासून संपिगे रोड आणि मार्गोसा रोडच्या मधल्या एका क्रॉसवर आमचं घर आहे. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा. अठ्ठावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. इथली बरीच मुलं संस्कृत घेतात ती गुणांसाठी. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. रूपं घोकता घोकता एखादा शब्द कुणाच्या तरी मनात राहून जातो, तेवढं पुरे. सोमवारी काडु मल्लेश्वराला जायचं, हा माझा नेम. काडु म्हणजे रान. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात हे देऊळ बांधलं तेव्हा इथं खरंच रान होतं. 1898 च्या प्लेगनंतर माणसं पेठेतली दाटी सोडून इकडे राहायला येऊ लागली. देवळासमोर जमिनीत गाडलेलं नंदीतीर्थ 1997 साली खणताना सापडलं. मी तेव्हा इथंच होते. नंदीच्या तोंडातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडत राहते. तिथं पायऱ्यांवर एकटं बसलेलं माणूस रोज दिसतं आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

मला मात्र या फेब्रुवारीत सगळ्यांनी विचारलं. वंडरलाच्या रिसॉर्टमध्ये एक रात्र आणि दोन दिवस, एकटीच जाणार आहे, एवढंच मी सांगितलं होतं. शेजारणीनं हळूच विचारलं, घरात काही झालं का? मुलानं पुण्याहून फोन केला, आई, तुझी तब्येत बरी आहे ना? घरी हे म्हणाले, 'मी येतो की.' मी नको म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, 'पण तिथं जाऊन तुला काय मिळणार?'

काही वर्षांपूर्वी मी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला गेले होते. तिथं मौन, फोन नाही, घरच्यांशी एक शब्द नाही. तेव्हा कुणीही काही विचारलं नव्हतं, उलट शेजारणीनं परत आल्यावर वाकून नमस्कार केला होता. एकटेपण कोरडं असलं की आपल्याला चालतं. एकटीनं तप करावं, तीर्थाला जावं, रडावंसुद्धा. पण एकटीनं मजा करायची म्हटलं की त्यामागे काही तरी बिघडलेलं असणार, असं सगळे धरून चालतात. त्या सगळ्यांत मीही होते. खोली आरक्षित केल्यावर मला रात्रभर चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. माझा नवरा चांगला आहे, मुलगा आठवड्यातून तीनदा फोन करतो. मी दुःखातून सुटायला निघाले असते तर मला ते सांगता आलं असतं. सांगण्यासारखं कारणच नव्हतं, आणि त्याचीच टोचणी लागली होती.

संपिगे रोडला मेट्रोत बसले, मॅजेस्टिकला गाडी बदलली आणि जांभळ्या मार्गानं शेवटपर्यंत, चल्लघट्टापर्यंत गेले. हा टप्पा 2023 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. पुढे म्हैसूर रोडनं बस आणि रिक्षा. रिसॉर्टच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, 'एष्टु जना?' किती माणसं? मी म्हटलं, 'ओब्बळे.' एकटीच. तिनं मान वर न करता ते लिहून घेतलं. मला तिचं फार बरं वाटलं.

ही बाग 2005 साली उघडली. ब्याऐंशी एकर. आमचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्यानंतर मी इथं चार वेळा आले होते. मुलाला घेऊन, कोल्हापूरच्या नणंदेच्या कुटुंबाबरोबर, आणि दोनदा शाळेची सहल घेऊन. चारही वेळा मी झाडाखाली बसले होते, पिशव्या सांभाळत. सहा जणांची घड्याळं, चष्मे, पाकिटं, ओले कपडे, चपलांचे जोड. मला कुणी बसवलं नव्हतं. 'तुम्ही जा रे, मी बसते इथं,' हे वाक्य मीच म्हणायची आणि त्यात मला समाधानही असायचं. पाळण्यातून उतरून आलेल्या मुलाचा लाल झालेला चेहरा पाहताना मी मनात म्हणायची, माझाही झाला यात आनंद.

मुंडक उपनिषदात एका झाडावरच्या दोन पक्ष्यांचा दाखला आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. वर्गात हा दाखला मी कितीदा सांगितला असेन, आणि पाहणाऱ्या पक्ष्याचा मोठेपणा दर वेळी मनापासून सांगितला. पण झाडाखाली पिशव्या घेऊन बसलेली मी म्हणजे तो दुसरा पक्षी, असं मी स्वतःला समजावत आले, ते खरं नव्हतं. तो पक्षी फळाच्या चवीपलीकडे गेलेला आहे. मी चव घेतलीच नव्हती. जे कधी हातात धरलं नाही ते सोडलं, असं कुणाला म्हणता येईल? साक्षीभाव आणि सवय बाहेरून अगदी सारख्या दिसतात. बायकांच्या बाबतीत तर आपण सवयीलाच साक्षीभावाचं नाव देऊन मोकळे होतो, आणि बायका ते स्वीकारतात, कारण त्यात मान मिळतो.

या खेपेला मी पिशवी लॉकरमध्ये ठेवली.

संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला शब्द सोडत नाहीत. जाण्याआधीचे आठ दिवस माझ्या डोक्यात 'केवल' हा एक शब्द फिरत होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं एकशे सतरावं सूक्त दानाचं आहे. जो एकटाच खातो त्याला तिथं केवलादी म्हटलं आहे आणि त्याच्या वाट्याला निव्वळ पाप येतं असं सांगितलं आहे. गीतेचा तिसरा अध्यायही स्वतःपुरतं रांधणाऱ्याबद्दल तेच सांगतो. आणि याच केवल शब्दावरून पतंजलींच्या योगसूत्रांतल्या शेवटच्या पादाला कैवल्यपाद हे नाव आहे. कैवल्य म्हणजे मोक्ष, आणि शब्दशः पाहिलं तर एकटेपणच. जैनांचं केवलज्ञानही याच शब्दाचं. एकच शब्द, ताटावर आला की पाप, आसनावर आला की मुक्ती. मग पाळण्यावर आला तर काय?

माझी आई या प्रश्नाला थांबली नसती. बेळगावात कुणी कुंदा आणला की ती आधी त्याचे घरातल्या माणसांइतके भाग करायची, आणि एक भाग जास्तीचा ठेवायची, अचानक येणाऱ्यासाठी. 'एकटीनं गोड खाऊ नये, पोटात दुखतं,' असं ती म्हणायची. ती गेल्याला अकरा वर्षं झाली. मी अजून एकटी असले की गोड खात नाही.

पहिली दुपार पाण्यात गेली. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात; आठव्या क्रॉसच्या बाजारातून मी गडद निळे घेऊन आले होते. जन्मभर साडी नेसलेल्या बाईला ते कपडे घालून चार पावलं चालायलाही धीर लागतो. संथ वाहत्या पाण्याचा एक वळणावळणाचा कालवा आहे, त्यात रबरी चाकावर बसून नुसतं वाहत जायचं. ते चाक कुणीकडेच जात नाही. फिरून जिथून सुटलं तिथंच येतं. मी सात फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला मला ह्यांचा प्रश्न आठवला, काय मिळणार? आणि मला शंकराचार्य आठवले.

ब्रह्मसूत्रांत प्रश्न असा आहे की ब्रह्माला काहीच कमी नसेल तर त्यानं जग कशासाठी निर्माण केलं? बादरायणांचं उत्तर आहे, लीला. त्या सूत्रातही कैवल्य हा शब्द आहे. लीला, निव्वळ लीला. त्यावर भाष्य करताना आचार्यांनी दृष्टांत दिला आहे तो राजाचा. ज्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या आहेत असा राजा किंवा त्याचा मंत्री जसा काही मिळवायचं नसताना क्रीडाविहारात रमतो, तसं. दुसरा दृष्टांत श्वासाचा. श्वास आपण काही मिळवायचं म्हणून घेत नाही. संन्याशांच्या परंपरेतल्या सगळ्यांत मोठ्या आचार्याला सृष्टीची उत्पत्ती समजावून सांगायची वेळ आली तेव्हा त्यानं यज्ञ घेतला नाही, तप घेतलं नाही, बागेतला खेळ घेतला. हा परिच्छेद मला जवळजवळ पाठ होता. त्यातला क्रीडाविहार हा शब्द मात्र मी त्या दिवशी चाकावर पडून पहिल्यांदा वाचला असं म्हणायला हवं.

अट मात्र कडक आहे. राजाला काही हवं असता कामा नये. थकवा घालवायला, कुणाला धडा शिकवायला, फोटो काढायला कुणी खेळू लागला की तो व्यवहार झाला. म्हणून ह्यांच्या प्रश्नाचं 'काही नाही' हे उत्तर लाजिरवाणं नव्हतं. मला ते घरीच देता यायला हवं होतं.

आपल्या मराठी परंपरेत एकट्यानं खेळणाराही आहे. ऋद्धपूरचे गोविंदप्रभू, ज्यांच्या लीळा म्हाइंभटांनी लिहून ठेवल्या. गावातून स्वतःशीच बोलत हिंडणारे, हसणारे, कुणाच्याही घरात शिरणारे, मुलासारखे खेळणारे. लोकांना ते वेडे वाटले आणि महानुभावांना परमेश्वर. वारीतला खेळ वेगळा. रिंगणाच्या वेळी अनोळखी बायका एकमेकींचे हात धरून फुगडी घालतात. फुगडीला दुसरे हात लागतातच. हा दुसरा आनंद मला पूर्ण कळतो. पण तो एकच खरा, असं म्हणायला मी आता तयार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकॉइल. या गाडीला आधी मागे खेचत उंच नेतात, त्यामुळे बसणाऱ्याचं तोंड जमिनीकडे होतं. मग सोडून देतात. ती उलटेपालटे वळसे घेत दुसऱ्या टोकाला वर चढते आणि तिथून त्याच वाटेनं उलटी, पाठीकडून परत येते. वर जाताना साखळीचा आवाज येत होता. खाली जमीन, त्यावर मुंगीएवढी झाडं, त्यांतल्या कुठल्या तरी एका झाडाखाली मी चार वेळा बसले होते. आणि मला भीती वाटली. पोटातून आलेली, साधी, जनावरासारखी भीती.

बृहदारण्यकात आरंभाची गोष्ट आहे. पहिल्यांदा तो एकटाच होता आणि त्याला भय वाटलं. म्हणून आजही एकट्याला भय वाटतं, असं उपनिषद म्हणतं. मग त्यानं विचार केला, माझ्यावाचून दुसरं कुणी नाहीच तर मी भ्यायचं कुणाला? भय गेलं. भय हे दुसऱ्यापासून येतं. इतकं झाल्यावर लगेच पुढे सांगितलं आहे की तो रमला नाही. म्हणून आजही एकटा रमत नाही, आणि त्याला दुसरा हवासा वाटला. रमणे हा आपला रोजचा शब्द तोच. मुलांना हे शिकवताना मी अडखळायची. एकीकडे दुसरा आला की भय, एकीकडे दुसरा नाही तर आनंद नाही. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी कशी?

गाडी वर थांबली. साखळीचा आवाज बंद पडला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, घड्याळ लॉकरमध्ये होतं. त्या वेळात माझी भीती गेली. मी काही विचार केला म्हणून ती गेली असं नाही. घाबरून बघायला, हात धरायला, 'तू ठीक आहेस ना' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं आणि मलाही कुणाला धीर द्यायचा नव्हता, म्हणून ती टिकली नाही, एवढंच मला वाटतं. मी कुणाची आई नव्हते, बाई नव्हते, बायको नव्हते. वारा होता, दांडा होता, मी होते. उपनिषदातल्या त्या दोन वाक्यांच्या मध्ये एक जागा आहे. भय सरलं आहे आणि दुसरा अजून हवासा झालेला नाही, अशी. ती किती काळ टिकली हे तिथं सांगितलेलं नाही, आणि वर्गात मीही तिथं कधी थांबले नव्हते. कैवल्य हा फार मोठा शब्द आहे आणि तो मी माझ्यासाठी वापरणार नाही. पण त्या शब्दाचा रोख कुठं आहे ते मला तिथं समजलं.

मग गाडी सुटली. मी ओरडले, शाळेच्या पटांगणावर ओरडायची त्याहून मोठ्यानं. परत येऊन थांबली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हसत होते, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे उजवीकडे वळून सांगायला तोंड उघडलं. शेजारी बांधलेली रिकामी खुर्ची. दुसरं वाक्यही खरंच होतं. ते पहिल्याला खोटं पाडत नव्हतं, त्याच्या मागून आलं होतं.

आदल्या रात्रीचं जेवण इथं सांगायला हवं, कारण आईचा प्रश्न त्यात आहे. हे रिसॉर्ट 2012 साली सुरू झालं, चौऱ्याऐंशी खोल्यांचं. जेवणघरात मी चौघांच्या टेबलावर एकटी बसले. गोडात होळिगे होती, आपली पुरणपोळी. मी सवयीनं ती मोडली, अर्धी ताटाच्या कडेला सरकवली आणि बसून राहिले. अचानक येणारं कुणी नव्हतं. त्या ऋग्वेदातल्या सूक्तात दारात आलेला भुकेला माणूस आहे आणि त्याला पाहून मन घट्ट करणारा घरधनी आहे. केवलादी तो आहे. त्याचं एकटेपण दार लावून घेतल्यामुळे आलेलं आहे. अन्न एकानं खाल्लं की दुसऱ्याला उरत नाही. कालव्यातलं पाणी माझ्या सात फेऱ्यांनी कमी झालं नव्हतं. आईला हे पटलं असतं, असं मला वाटतं. मी उरलेली अर्धी खाल्ली. पोटात दुखलं नाही.

पण हिशेब इतका साफ नाही, आणि तो तसा आहे असं मी लिहिणार नाही. सकाळी कपडे बदलायच्या खोलीत फरशी पुसणाऱ्या बाईंना मी विचारलं, 'तुम्ही बसलात का कधी त्या गाडीत?' त्या माझ्याच वयाच्या. 'भीती वाटते,' म्हणाल्या, आणि पुसत राहिल्या. माझ्या दोन दिवसांचा खर्च त्यांच्या किती दिवसांच्या कमाईएवढा, हे मी विचारलं नाही. ही बाग सुरू करणारे कोचौसेफ चिट्टिलपिल्ली यांनी 2011 साली आपलं एक मूत्रपिंड एका ट्रकचालकाला दान केलं होतं. तो चालक त्यांच्या नात्यातला नव्हता. ते आठवलं तेव्हा खेळ आणि दान एकाच माणसात नांदू शकतात याचा आधार वाटला. पण आधार माझ्या कामाचा होता, त्या बाईंच्या नव्हे. दारात आलेला भुकेला कोण, आणि मी दार लावलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सोमवारी नंदीतीर्थाच्या पायऱ्यांवर बसते तेव्हा मी हेच घेऊन बसते.

परतताना बिडदीला उतरले. तिथली तट्टे इडली प्रसिद्ध आहे, ताटलीएवढी, चपटी. एक तिथंच उभ्यानं खाल्ली, दोन बांधून घेतल्या. घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. हे स्वयंपाकघरात इडली खात बसले, मी सगळं सांगितलं. साखळीचा आवाज, वरची ती थांबलेली वेळ, बांधलेली खुर्ची. मध्ये एकदाही त्यांनी 'काय मिळालं' असं विचारलं नाही. शेवटी म्हणाले, 'पुढच्या वेळी मी खाली बसेन, तुझी पिशवी घेऊन.'

मी म्हटलं, 'पिशवीला लॉकर आहे. तुम्ही आपले एकटे जाऊन या एक दिवस.'

ते बराच वेळ बोलले नाहीत. ताटली विसळून ठेवली, हात पुसले. मग विचारलं, 'मेट्रो कुठपर्यंत जाते म्हणालीस?'